‘डार्क शॅडोज’ (१९६६–१९७१) : चित्रीकरणातील चुका, त्यांची कारणे आणि थोडी माहिती

निशिगंधा

सर्वांना नमस्कार.

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात सोमवार ते शुक्रवार दाखवली गेलेली ‘डार्क शॅडोज’ ही दैनंदिन मालिका मी सध्या क्रमाने पाहत आहे. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावात, समुद्रकाठच्या कड्यावर उभ्या असलेल्या कॉलिनवूड नावाच्या वाड्यात ही कथा घडते. भुते, चेटकीण, रक्तपिपासू पिशाच, मानवी लांडगा, कालप्रवास असे सारे काही तिच्यात आहे, आणि तरीही ती मुळात एका कुटुंबाची गोष्ट आहे, हे मला तिच्यातले सर्वांत मोठे बळ वाटते.

या मालिकेबद्दल जिथे कुठे वाचायला जावे, तिथे चर्चा लगेच तिच्यातील चुकांकडे वळते. भिंतीवर मायक्रोफोनच्या दांड्याची सावली पडते, दगडाचे म्हणून दाखवलेले थडगे हात लागताच डुलते, दार जोराने लावले की वाड्याची भिंत थरथरते, एखादा तंत्रज्ञ चौकटीच्या कडेला दिसून झटकन मागे सरतो, संवाद विसरलेला नट क्षणभर कॅमेऱ्याच्या पलीकडे पाहतो. हे सगळे खरे आहे आणि मीही ते पाहिले आहे. परंतु अशी दृश्ये पुन्हा का घेतली गेली नाहीत, आणि त्या चुकांमुळे मालिकेचे मूल्य खरोखर कमी होते का, या प्रश्नांवर येथील जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

चुंबकफीत

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालिका ज्या फितीवर नोंदवली जात असे, त्या फितीत आहे. त्या काळी व्यावसायिक दूरचित्रवाणीसाठी अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणलेली क्वाड्रुप्लेक्स पद्धत वापरात होती. तिची फीत दोन इंच रुंद असे आणि सेकंदाला पंधरा इंच या वेगाने धावे, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी सुमारे सव्वादोन हजार फूट फीत लागत असे. ही फीत अतिशय महाग होती आणि प्रसारण झाल्यावर ती पुसून पुन्हा वापरणे ही सर्वच वाहिन्यांची सर्वसाधारण पद्धत होती.

चित्रपटाची फिल्म प्रकाशात धरली की चित्र डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती कुठे कापायची हे संकलकाला कळते. चुंबकीय फितीवर काहीच दिसत नाही. तिच्यावर लोहकणांचे द्रावण लावून, सूक्ष्मदर्शकाखाली नोंदीच्या रेषा शोधून, नेमक्या जागी पाते चालवून जोड द्यावा लागे. जोड किंचित चुकला तरी प्रक्षेपणात चित्र उडत असे, आणि जोडलेली फीत पुनर्वापरासाठी कमी लायक ठरत असे. साठच्या दशकात इलेक्ट्रॉनिक संकलनाची साधने आली होती, पण रोज एक भाग तयार करणाऱ्या मालिकेला त्यासाठी ना वेळ होता ना पैसा.

म्हणून ‘डार्क शॅडोज’ थेट प्रक्षेपण असल्यासारखीच नोंदवली जाई. कॅमेरे एकाच वेळी चालू असत, दिग्दर्शक नियंत्रण कक्षात बसून एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जात असे, पार्श्वसंगीत आणि वाऱ्याचे, लाटांचे, कुत्र्यांच्या विव्हळण्याचे आवाज त्याच वेळी सोडले जात. मध्येच थांबायचे म्हटले तर चित्राबरोबर हा सगळा मेळही पुन्हा जुळवावा लागणार. त्यामुळे फारच मोठा गोंधळ झाल्याशिवाय नोंदणी थांबवली जात नसे.

रंगपट

चुंबकफीत यांनी तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे. मी हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे पडद्यामागचे काम करतो, त्यामुळे नटांच्या बाजूने थोडे लिहितो.

या मालिकेतील बहुतेक कलाकार न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेले होते. त्यांना रोज नवी संहिता मिळे, सकाळी वाचन आणि हालचालींची आखणी, मग रंगीत तालीम आणि दुपारी नोंदणी, असा एकेक भाग एका दिवसात हातावेगळा होत असे. आपल्याकडे एखादे नाटक रंगमंचावर येण्याआधी महिनाभर तालमी होतात आणि तरीही पहिल्या प्रयोगात विंगेतून शब्द पुरवावे लागतात. हे लोक दररोज पहिला प्रयोग करत होते आणि त्या प्रयोगाला दुसरा प्रयोग कधीच नव्हता. कॅमेऱ्याजवळ संवादांचा मजकूर सरकत जाणारे यंत्र असे, आणि तुम्ही म्हणता ती कॅमेऱ्यापलीकडे जाणारी नजर त्या यंत्राकडेच जात असते.

सांजवारा

लुई एडमंड्स (रॉजर कॉलिन्स) यांनी आपल्या पूर्वजांविषयी बोलताना ‘अ‍ॅन्सेस्टर्स’ऐवजी ‘इन्सेस्टर्स’ (‘इन्सेस्ट’ म्हणजे रक्ताच्या नात्यातील शरीरसंबंध) असे म्हटले होते, हे कोणी अजून कसे लिहिले नाही? माझ्या मते साऱ्या मालिकेतील तो सर्वांत गमतीदार क्षण आहे.

वाचनवेडी

सांजवारा, तो क्षण मलाही आवडतो. त्या कुटुंबाचा इतिहास पाहता जीभ अगदी योग्य ठिकाणी घसरली असे म्हणावे लागेल.

एडिसनकर

मी १९८० च्या दशकात न्यू जर्सीत नोकरीनिमित्त आलो, तेव्हा येथील सार्वजनिक वाहिनीवर या मालिकेचे पुनःप्रसारण सुरू होते. शेजारच्या अमेरिकन कुटुंबातील बाई सांगत असत की, त्या शाळकरी वयाच्या असताना शाळा सुटली की मालिकेच्या वेळेत घरी पोहोचण्यासाठी धावत सुटत. त्या पिढीतील कितीतरी लोकांनी हीच आठवण सांगितली आहे. दुपारच्या मालिका गृहिणींसाठी असतात हा वाहिन्यांचा ठाम समज होता, आणि या मालिकेने शाळकरी मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांचा एक अनपेक्षित प्रेक्षकवर्ग उभा केला.

सुरुवातीला मात्र तसे काही घडले नव्हते. निर्माते डॅन कर्टिस यांना एक स्वप्न पडले होते, त्यात एक तरुणी आगगाडीतून प्रवास करत एका जुन्या वाड्याकडे निघाली होती. त्या स्वप्नावरून ही मालिका जन्माला आली. पहिल्या भागात व्हिक्टोरिया विंटर्स (अलेक्झांड्रा मोल्टके) खरोखरच आगगाडीतून कॉलिन्सपोर्टला येते, आणि आरंभीच्या काळात प्रत्येक भाग तिच्याच आवाजातील निवेदनाने सुरू होतो. पहिले काही महिने ही केवळ गूढ वातावरणाची कौटुंबिक कथा होती. प्रेक्षकसंख्या घसरल्यावर आधी जोसेट या घराण्यातील जुन्या काळच्या वधूचे भूत आले, मग आगीतून पुनर्जन्म घेणारी लॉरा कॉलिन्स आली, आणि एप्रिल १९६७ मध्ये बर्नबस कॉलिन्स या रक्तपिपासू पिशाचाने मालिकेचे नशीबच पालटून टाकले.

निशिगंधा

एडिसनकरकाका, ही माहिती अत्यंत मोलाची आहे. २१० व्या भागाच्या शेवटी शवपेटीतून बाहेर येऊन विली लूमिसचा गळा पकडणारा हात मी मागच्याच आठवड्यात पाहिला. त्या भागात चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतो, आणि पुढच्या भागात एक सभ्य, अदबशीर गृहस्थ वाड्याच्या दारात उभा राहून आपण इंग्लंडहून आलेलो दूरचे नातेवाईक आहोत असे सांगतो. इतक्या कमी साधनांत इतका परिणाम साधलेला मी क्वचितच पाहिला आहे.

काळा_कोट

बर्नबसची भूमिका करणारे जोनाथन फ्रिड यांच्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण चुकांची कोणतीही यादी काढली तरी तिच्यात सर्वाधिक वेळा त्यांचेच नाव येते आणि ते मला फार अन्यायाचे वाटते.

फ्रिड यांचा जन्म १९२४ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे झाला. त्यांनी येल विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिक्षण घेतले आणि शेक्सपिअरच्या नाटकांतून कामे केली. मालिकेसाठी बोलावणे आले तेव्हा ते अध्यापनाच्या विचारात होते, आणि बर्नबसचे पात्रही थोड्याच काळासाठी योजलेले होते. प्रत्यक्षात ते मालिकेच्या शेवटपर्यंत राहिले. पाठांतराला त्यांना वेळ लागत असे, हे त्यांनी स्वतः कधी लपवले नाही. ज्या नटाला एकेका वाक्याचा अर्थ शोधत, सावकाश भूमिकेत शिरायची सवय आहे, त्याच्या हाती रोज नवी पाने देऊन त्याच दुपारी ती बिनचूक म्हणून दाखवावीत अशी अपेक्षा होती.

आता त्याचा परिणाम पाहा. शब्द आठवण्याच्या धडपडीमुळे त्यांच्या चेहऱ्यावर जी अस्वस्थता येत असे, तीच प्रेक्षकांना त्या पात्राची वेदना वाटली. शंभराहून अधिक वर्षे बंदिस्त राहिलेला, आपल्या भुकेची लाज वाटणारा, माणसांत परतल्यावर कसे बोलावे हे चाचपडणारा हा पिशाच बोलताना अडखळला, तर ते त्याला शोभूनच दिसते. त्याआधीच्या चित्रपटांतील पिशाच बहुधा निव्वळ दुष्ट असत. स्वतःच्या अवस्थेचा तिटकारा असणारा पिशाच घराघरांत पोहोचवण्याचे मोठे श्रेय या मालिकेकडे जाते, आणि त्यात फ्रिड यांच्या त्या थांबण्याचा वाटा आहे असे मी मनापासून मानतो.

त्यांच्या चेहऱ्यावर माशी बसल्याचे एक दृश्य प्रसिद्ध आहे. माशी फिरत राहते आणि ते संवाद सोडत नाहीत. लोक ते पाहून हसतात, पण मला त्यात शिस्त दिसते.

तारांगण

काळा_कोट, तुमच्या भावनेचा आदर राखून असहमती नोंदवतो. अडखळणे काही वेळा पात्राला शोभते हे मान्य आहे, परंतु प्रत्येक वेळी नाही. बर्नबस एखाद्या व्यक्तीचे नाव चुकीचे घेतो किंवा अर्धे वाक्य बोलून दुसऱ्याच वाक्यावर जातो, तेव्हा समोरच्या नटाची पंचाईत होते आणि कथेचा धागाही तुटतो. चाहत्यांनी प्रत्येक चुकीला कलात्मक हेतू चिकटवला, तर ज्या दिवशी काम खरोखर उत्तम झाले त्या दिवसाचे वेगळेपण आपण कसे ओळखणार?

रंगपट

तारांगण यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच मी लक्ष समोरच्या नटाकडे देतो. ग्रेसन हॉल (डॉ. जुलिया हॉफमन) आणि फ्रिड यांचे एकत्र प्रसंग बारकाईने पाहावेत. त्यांनी शब्द गमावला की ग्रेसन हॉल प्रश्न विचारून किंवा त्यांचेच वाक्य आपल्या तोंडी घेऊन त्यांना पुन्हा मार्गावर आणतात, आणि ते पात्राच्या स्वभावातूनच करतात, कारण जुलिया बर्नबसला सतत सांभाळत असते. या अभिनेत्रीला ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ (१९६४) या चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते, आणि त्यांचे पती सॅम हॉल हे याच मालिकेच्या प्रमुख लेखकांपैकी एक होते. जोन बेनेट (एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड) यांच्याबाबतीतही हेच म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून चित्रपटांत नायिका म्हणून गाजलेल्या या बाईंना तुकड्यातुकड्यांनी चित्रीकरणाची सवय होती, आणि वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी न थांबता, सलग नोंदणी करण्याची ही नवी पद्धत आत्मसात केली.

मृण्मयी_पुणे

मला एक शंका आहे. त्याच काळात अमेरिकेत अशाच पद्धतीने नोंदवल्या जाणाऱ्या इतर दैनंदिन मालिका होत्या. मग चुकांसाठी हीच एक मालिका का प्रसिद्ध झाली? इतरांकडे फीत काही वेगळी नव्हती.

चुंबकफीत

मृण्मयीताई, हा या धाग्यावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याची दोन उत्तरे मला दिसतात.

पहिले उत्तर असे की, इतर मालिकांतील पात्रे दिवाणखान्यात किंवा रुग्णालयाच्या खोलीत बसून बोलत असत. सारखा उजेड, दोन खुर्च्या आणि एक कपाट एवढ्यात प्रसंग पुरा होई. ‘डार्क शॅडोज’मध्ये मेणबत्त्या होत्या, धुके होते, आग होती, तारेवर उडणारे वटवाघूळ होते, भिंतीतून येणारी भुते होती, गुप्त दरवाजे होते आणि चित्रातून बाहेर पडणारी वधू होती. सावल्यांचा खेळ मालिकेच्या नावातच होता, म्हणून प्रकाशयोजना गडद आणि तिरपी ठेवावी लागे. अशा प्रकाशात नटाच्या डोक्यावरून मायक्रोफोनचा दांडा नेला तर त्याची सावली कुठल्यातरी भिंतीवर पडणारच. सपाट उजेडात तोच दांडा कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय जागा अपुरी होती. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या पश्चिम भागात असलेल्या छोट्या स्टुडिओत वाड्याचे दालन, जुने घर, दफनभूमी, मद्यगृह हे सारे एकमेकांना खेटून उभे केले जाई. नेपथ्यकार साय टोमाशॉफ यांनी तेवढ्या जागेत एका प्रचंड वाड्याचा भास निर्माण केला, हे मला आजही विलक्षण वाटते. नटाला एका प्रसंगातून पुढच्या प्रसंगात जाताना कॅमेऱ्यांच्या मागून धावत जावे लागे. कधी त्याच्या पावलांचा आवाजही नोंदला गेला आहे.

दुसरे उत्तर अगदी साधे आहे. इतर मालिकांच्या चुका आपल्याला दिसत नाहीत, कारण त्या मालिकाच उरलेल्या नाहीत. त्या काळातील बहुतेक दैनंदिन मालिकांच्या फिती पुसल्या गेल्या. ‘डार्क शॅडोज’चे एकूण १२२५ भाग झाले आणि त्यांपैकी केवळ एक, १२१९ क्रमांकाचा, चित्ररूपात हरवलेला आहे. काही भागांच्या मूळ रंगीत फिती नाहीत, पण त्यांच्या पडद्यावरून घेतलेल्या कृष्णधवल फिल्म-प्रती आहेत. एवढे सगळे जपले गेले म्हणूनच आपण आज त्यातल्या चुका मोजू शकतो.

जुना_प्रेक्षक

१२१९ व्या भागाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. त्या भागाचा ध्वनी एका चाहत्याने प्रसारणाच्या वेळी घरी नोंदवून ठेवला होता. त्या ध्वनीला स्थिरचित्रांची जोड देऊन तो भाग पुन्हा उभा करण्यात आला, त्यामुळे कथा पाहणाऱ्याला खंड जाणवत नाही. आपल्याकडेही जुनी नभोनाट्ये आणि मैफली कोणा रसिकाने घरच्या यंत्रावर नोंदवून ठेवल्या म्हणून उरल्या आहेत. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते जपावे आणि योग्य संस्थेकडे सोपवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सांजवारा

भागांच्या क्रमांकाविषयी मला गोंधळ आहे. एकूण भाग १२२५ असतील, तर शेवटच्या भागाचा क्रमांक १२४५ कसा?

जुना_प्रेक्षक

एखाद्या दिवशी सुट्टीमुळे किंवा महत्त्वाच्या घडामोडींच्या प्रसारणामुळे मालिका दाखवली गेली नाही, तर त्या दिवसाचा क्रमांक वगळला जाई. शुक्रवारच्या भागाचा क्रमांक पाचाच्या पटीत राहावा, म्हणजे निर्मितीचे वेळापत्रक सांभाळणे सोपे जाते, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे मध्येच एखादा क्रमांक सापडला नाही तर तो भाग हरवला आहे असे समजू नये.

वाचनवेडी

आता माझे मत मांडते, आणि ते बऱ्याच जणांपेक्षा वेगळे आहे. मायक्रोफोनची सावली, डुलणारे थडगे, माशी हे सगळे मी सहज विसरू शकते. मला खटकतात त्या लेखनातील विसंगती, कारण त्यांना फीत किंवा स्टुडिओची जागा जबाबदार नाही.

सर्वांत मोठी विसंगती जोसेटच्या कथेत आहे. मालिकेच्या पहिल्या वर्षात जोसेट ही जेरेमाया कॉलिन्सची पत्नी म्हणून सांगितली जाते. बर्नबस आल्यानंतर तिचे नाते त्याच्याशी जोडले जाते, आणि त्या काळात हा सारा इतिहास १८३० च्या आसपासचा असल्याचे उल्लेख येतात. नोव्हेंबर १९६७ मध्ये एका प्रेतात्मा-आवाहनाच्या प्रसंगात व्हिक्टोरिया थेट भूतकाळात जाऊन पोहोचते, तेव्हा ते वर्ष १७९५ असते. तिथे चेटकीण अँजेलिक (लारा पार्कर) येते, जिचा आधी कुठेही उल्लेख नव्हता, आणि बर्नबसच्या शापाचे मूळ तीच ठरते. ज्याने रोज एक भाग पाहिला असेल त्याच्या स्मरणशक्तीचा लेखकांनी विचार करायला हवा होता.

आणि नट बदलण्याविषयी काय सांगावे! बर्क डेव्हलिनच्या भूमिकेत मिचेल रायन यांच्या जागी अँथनी जॉर्ज आले. विली लूमिस आधी जेम्स हॉल होते, मग जॉन कार्लन झाले. सॅम इव्हान्सचेही तेच. व्हिक्टोरियाची भूमिका तर अलेक्झांड्रा मोल्टके गेल्यानंतर आणखी दोघींनी केली. एका शब्दानेही खुलासा न करता दुसऱ्या दिवशी त्याच नावाने दुसरी व्यक्ती दारातून आत येते आणि घरातले सर्व जण तिच्याशी पूर्ववत बोलू लागतात.

एडिसनकर

वाचनवेडीताई, जोसेटबाबतचा आक्षेप पूर्णतः योग्य आहे. तरीसुद्धा १७९५ चे ते कथानक मी सबंध मालिकेतील सर्वोत्तम मानतो. एका दैनंदिन मालिकेने आपले चालू कथानक बाजूला ठेवून, सर्व कलाकारांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे पोशाख चढवून, नव्या भूमिका देऊन महिनोन्‌महिने भूतकाळातच राहायचे ठरवावे, ही त्या काळी किती धाडसाची गोष्ट होती! लेखकांना दोनच मार्ग होते: आधी सहज लिहिलेल्या ओळींशी प्रामाणिक राहून चांगली कथा सोडून द्यायची, किंवा चांगली कथा घेऊन त्या ओळी विसरायच्या. त्यांनी दुसरा मार्ग निवडला आणि तो मला योग्य वाटतो.

पुढे त्यांनी १८९७ आणि १८४० या काळांतही कथानके नेली, शिवाय जिथे त्याच माणसांनी आयुष्यात वेगळे निर्णय घेतले आहेत अशा समांतर काळातही. एकाच नटाने चार-पाच वेगवेगळ्या भूमिका केल्याने त्यांचा आवाका दिसतो. थेअर डेव्हिड यांच्या भूमिका एकापाठोपाठ एक पाहिल्या तर हा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. १८९७ च्या कथानकाच्या काळात क्वेंटिन (डेव्हिड सेल्बी) इतका लोकप्रिय झाला की, रॉबर्ट कोबर्ट यांनी त्याच्यासाठी रचलेली धून १९६९ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत झळकली.

तारांगण

भूमिका बदलताना वेशभूषेचीही धावपळ होत असणार. कॅथरिन ली स्कॉट (मॅगी इव्हान्स) सुरुवातीच्या भागांत सोनेरी केसांचा टोप घालून दिसतात आणि थोड्याच दिवसांत तो नाहीसा होतो, याचे मला पहिल्यांदा पाहताना फार नवल वाटले होते.

मृण्मयी_पुणे

आणि शेवटच्या श्रेयनामावलीतील चुका! प्रसंग संपलेला असतो, रिकाम्या दालनावरून नावे सरकत असतात, आणि कोणीतरी आपले काम संपले असे समजून थेट चौकटीत चालत येते. एका ठिकाणी तर स्वतः जोनाथन फ्रिड हातात कपडे घेऊन दालनातून जाताना दिसतात. दोन मिनिटांपूर्वी भीती दाखवणारा माणूस इतक्या शांतपणे घरी निघालेला पाहून मला त्यांच्याविषयी अधिकच जिव्हाळा वाटला.

काळा_कोट

मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. तुम्ही ते दृश्य पाहून हसलात आणि त्यामागच्या माणसाविषयी तुमची आपुलकी वाढली. माझी तक्रार चुका पाहण्याविषयी नाही. एमपीआय या वितरकाने अशा चुकांचे संकलन स्वतंत्र कॅसेट म्हणून काढले होते आणि ते चाहत्यांनीच प्रेमाने विकत घेतले. माझी तक्रार त्यांच्याविषयी आहे, जे मालिकेचा एकही पूर्ण भाग न पाहता केवळ ती दृश्ये पाहून संपूर्ण निर्मितीला निष्काळजी ठरवतात. दिग्दर्शिका लेला स्विफ्ट यांनी या मालिकेचे सुमारे सहाशे भाग दिग्दर्शित केले. दूरचित्रवाणीच्या दिग्दर्शनात ज्या काळी स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळातील हे काम आहे. सहाशे वेळा नियंत्रण कक्षात बसून, थांबण्याची सोय नसताना, नट, कॅमेरे, धुके, आग आणि संगीत यांचा मेळ साधणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणणे मला सहन होत नाही.

चुंबकफीत

काळा_कोट यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. डिस्कवरील भागांच्या आरंभी नोंदणीची पाटी राहून गेलेली आहे आणि तिच्यावर हा कितवा प्रयत्न आहे तेही लिहिलेले असते. काही भागांवर दुसरा किंवा त्यापुढचा क्रमांक दिसतो. म्हणजेच मोठी गडबड झाली तेव्हा त्यांनी खर्च सोसून पुन्हा नोंदणी केली आहे. काय चालवून घ्यायचे आणि काय नाही, याचा निर्णय कोणीतरी रोज विचारपूर्वक घेत होते.

निशिगंधा

इतके सविस्तर आणि अभ्यासपूर्ण प्रतिसाद येतील अशी अपेक्षा नव्हती. सर्वांचे मनापासून आभार.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे दिसते की, चुका आणि महत्त्वाकांक्षा या मालिकेत वेगळ्या काढता येत नाहीत. दोन खुर्च्या आणि एक कपाट एवढ्यावर समाधान मानले असते, तर चुका झाल्या नसत्या आणि जोसेट चित्रातून बाहेरही आली नसती. वाचनवेडीताईंचा आक्षेप मात्र मी वेगळा ठेवते. लेखनातील विसंगतीला मी तेवढी उदार होऊ शकत नाही, आणि १७९५ चे कथानक पूर्ण पाहिल्यावर त्यावर पुन्हा लिहीन.

सांजवारा

मला आता ही मालिका पाहायची आहे. पहिल्या भागापासून सुरू करावे की बर्नबस येतो त्या २१० व्या भागापासून? शेवट कोणी सांगू नये अशी विनंती.

जुना_प्रेक्षक

पुनःप्रसारणात अनेक ठिकाणी बर्नबसच्या आगमनापासूनच सुरुवात केली गेली, त्यामुळे बहुतेक जण तुम्हाला २१० हाच क्रमांक सांगतील. माझा सल्ला पहिल्या भागापासून सुरू करावे असा आहे. ते भाग कृष्णधवल आहेत (रंगीत भाग ऑगस्ट १९६७ मध्ये, २९५ व्या भागापासून सुरू होतात) आणि त्यांचा वेग संथ आहे, परंतु एलिझाबेथ अठरा वर्षे वाड्याबाहेर का पडलेली नाही, रॉजरचे आपल्या मुलाशी का पटत नाही, हे तिथेच कळते. बर्नबस ज्या घरात शिरतो ते घर आधी ओळखीचे झालेले असेल, तर त्याच्या येण्याची भीती कितीतरी अधिक वाटते.

वाचनवेडी

जुना_प्रेक्षक यांच्याशी सहमत आहे. पहिल्या वर्षात जोसेटविषयी जे काही सांगितले जाईल ते वहीत लिहून ठेवावे. १७९५ चे कथानक सुरू झाले की येथे या आणि माझ्या बाजूने मत द्या.